उल्वियेची रेघ

पोलातलीच्या कांदा-गोदामात आम्ही बावीस जणी.
सातला सोलाई सुरू,
सव्वासातला सगळ्यांचं काजळ गालांवर.
एक उल्विये सोडून.

तिची रेघ संध्याकाळी सहालाही तिथंच,
पापणीच्या मुळाशी,
मोजणीवाल्यानं आखलेल्या हद्दीसारखी.
वाद नाही, अतिक्रमण नाही.

रेम्झी चाऊशनं एकदा विचारलं,
कांद्यांसाठी नटतेस होय गं?
सुरी न थांबवता ती म्हणाली,
दहा तास तोच माझ्या तोंडाकडे बघत असतो.
तू बघतोस?

मी नवीन. हावरट.
मोटारीत तिच्या शेजारची जागा धरली आणि म्हटलं, शिकव.
तिनं पदरचं काही राखलं नाही.
तोंड गार पाण्यानं धुवायचं.
पापणीला मलई, तेल, काही लावायचं नाही,
तेलावर कुणाचाच पाय ठरत नाही.
मग तांदळाचं पीठ, चिमूट नव्हे,
चिमटीला चिकटून राहील तेवढंच.
त्यावर सुरमा. सुरम्यावर पुन्हा पीठ.
आणि दिवसभर डोळ्याला हात नाही.
माशी बसली तरी नाही.

तिची सुरमेदाणी पितळेची,
झाकण दोऱ्यानं बांधलेलं,
हायमानाच्या मावशीची.
सळई तिनं स्वतःच माझ्या डोळ्यातून फिरवली,
मोटार खड्ड्यात आदळत असताना.
हात हलला नाही. मीच हलले.

साडेसातला मी अस्वल.

हात लावलास.
नाही लावला.
लावलास.
लावला होता.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली,
तीही कांद्याकडे बघतच:
पाणी अडवू नकोस. येणारच ते.
मान पुढे घे, हनुवटी छातीकडे,
थेंब डोळ्यातून सुटला की सरळ टोपलीत पडला पाहिजे.
त्याला गालाची वाट दाखवलीस
की तो रेघ बरोबर घेऊन जातो.

आठवडाभरानं बावीस जणी तशा वाकलेल्या.
टप. टप.
चाऊश ओरडला, बायांनो, कांदे खारट होतील,
अंकाऱ्याची हॉटेलं परत पाठवतील माल!
सगळ्या इतक्या हसलो
की हसून हसून पुन्हा अस्वलं झालो.

नोव्हेंबरात, बुधवारी असेल,
जेवणाच्या सुट्टीत बाहेर वारा सुटला होता,
माळावरचा, कोरडा, कानात शिरणारा.
आम्ही चहाच्या भांड्याभोवती.
उल्वियेचा फोन वाजला.
हो, म्हणाली.
हो.
बरं.
फोन खिशात ठेवला, पेल्यात साखर घातली,
ढवळत राहिली. ढवळतच राहिली.

आणि रेघ उतरली.
आधी डावी, मग उजवी,
गालावरून, हनुवटीपर्यंत,
मान ताठ ठेवून बसली होती ती.
कांदा तिथं एकही नव्हता.

आम्ही कुठं कुठं बघितलं.
मी चहाच्या पानांकडे.
फेरायेनं बुटाची नाडी सोडून परत बांधली.

पाळीला अजून वीस मिनिटं होती.
ती उठली, आत गेली,
टोपली ओढून सोलायला बसली.
कांद्यापाशी कुणी कारण विचारत नाही.

मग सेहेर उठली. मग फेराये. मग मी.
कुणी कुणाला खूण केली नाही.
बिनपगारी वीस मिनिटं
बावीस सुऱ्या.
चाऊश दारात आला, घड्याळाकडे बघितलं,
तोंड उघडलं,
आणि रेडिओ बंद करून निघून गेला.

सहाला मोटारीच्या काचेत मी सहज पाहिलं.
माझी रेघ जागेवर होती.
पहिल्यांदाच, दोन्ही डोळ्यांची, टोकापर्यंत.

शेजारी ती, डोळे मिटून.
मी काही बोलले नाही.